जुनी डिझेल पिकअप पारखताना

जुनी पिकअप घेताना पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो. तिने आजवर कोणता माल, किती आणि कुठल्या रस्त्याने वाहिला, हा असतो. नारायणगावचा टोमॅटो रात्रीतून वाशीच्या बाजारात पोहोचवणारी, पिंपळगाव बसवंतला कांदा नेणारी, हर्णे बंदरावरून बर्फातली मासळी घाटावर चढवणारी आणि शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानाचे पाइप-पत्रे घरपोच देणारी, अशा चार पिकअप एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या आणि एकाच रंगाच्या असल्या तरी पाच वर्षांत त्या चार निराळ्या गाड्या झालेल्या असतात. नवा रंग, नवे सीट कव्हर आणि नवी ताडपत्री वरून हा फरक झाकतात. हौद्याखाली तो दिसतोच.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पिकअप म्हटले की आधी महिंद्राची बोलेरो पिकअप डोळ्यांसमोर येते. तिच्या जोडीला टाटाची जुनी २०७ आणि नंतरची योद्धा, २०११ पासून मिळणारी अशोक लेलँडची दोस्त, आणि त्याहून लहान कामासाठी २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा ‘छोटा हत्ती’. बोलेरो किंवा योद्धासारख्या गाडीचा कणा म्हणजे शिडीसारखी चेसिस: दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. केबिन, हौदा, इंजिन, पाटे, सगळे या शिडीवर बसवलेले असते. दरवाजा ठोकला तर बदलता येतो, इंजिनचे काम काढता येते, हौदा नवा बांधून घेता येतो. चेसिस तेवढी शेवटपर्यंत तीच राहते. म्हणून तपासणीची सुरुवात खालून करावी.

गाडी दिवसाच्या उजेडात, रिकामी, सपाट जागी आणि सकाळी पाहावी. आदल्या रात्रीपासून ती सुरू केलेली नसावी. विकणाऱ्याला तसे आधीच सांगून ठेवलेले बरे. पोहोचल्याबरोबर बॉनेट उघडून इंजिनवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर ‘जरा पुढे घेतली होती’ या उत्तरावर समाधान मानू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. थंड इंजिन जे सांगते ते गरम इंजिन लपवते.

जमिनीवर पोते अंथरून, बॅटरी घेऊन गाडीखाली जायला लाज वाटून घेऊ नये. लाखो रुपयांचा व्यवहार त्या दहा मिनिटांवर ठरतो. चेसिसला तडा जातो तो बहुधा ठरलेल्या जागी: मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथे, केबिनच्या पाठीमागे जिथे हौद्याचा भार सुरू होतो तिथे, आणि रिव्हेटच्या भोकांभोवती. कारखान्यातले वेल्डिंग सरळ आणि एकसारखे असते. नंतर गॅरेजमध्ये मारलेले वेल्डिंग ओबडधोबड, गाठी आलेले दिसते. तुळईवर बाहेरून लोखंडी पट्टी चढवलेली असेल, किंवा बाकी चेसिस धुळीने माखलेली असताना हातभर तुकडाच ताज्या काळ्या रंगाने चमकत असेल, तर रंगाखाली काय आहे ते कळल्याशिवाय पुढे बोलू नये. मुख्य तुळई तुटून सांधलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. भरल्या गाडीने घाट उतरताना तो सांधा पुन्हा उघडला तर तो चालकाच्या जिवावर बेततो.

मासळीच्या गाडीची गोष्ट वेगळी. बर्फ वितळून त्याचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून थेंब थेंब चेसिसवर पडत राहते आणि तुळईच्या आतल्या बाजूला, जिथे डोळा पोहोचत नाही, तिथे गंज धरतो. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला दिसला की तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. वरवरचा गंज असेल तर खालचे लोखंड टणक लागते. खोल गेलेला असेल तर टोक रुतते. ब्रेक ऑइलच्या बारीक नळ्या आणि डिझेल टाकीचे पट्टेही याच पाण्यात सडलेले असतात. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात वावरलेली प्रत्येक गाडी वाईट असे अजिबात नाही, पण एमएच-०८ किंवा एमएच-०७ क्रमांक दिसला की हा तपास टाळू नये. रासायनिक खतांच्या गोण्या सतत वाहणाऱ्या गाडीच्या हौद्याचा तळही असाच खाल्लेला असतो. सांडलेले खत पावसाच्या पाण्यात विरघळून पत्र्याला लागते.

आता पाटे. जुन्या पिकअपचा खरा इतिहास पाट्यांत असतो. मागच्या दोन्ही बाजूंचे पाटे मोजावेत आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहावेत. कंपनीने दिले त्यापेक्षा एखादा जास्त निघाला, त्यातही तो इतरांहून वेगळ्या रंगाचा किंवा कमी झिजलेला असला, की गाडी ओव्हरलोड चालली आहे हे जवळपास नक्की समजावे. जादा पाटा बसवला की गाडी बसत नाही, म्हणून ‘मजबूत करून घेतली’ असे विकणारा अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात पाटा वाढवल्याने भार कमी होत नाही, तो फक्त पुढे सरकतो: मागच्या हाऊसिंगवर, बेअरिंगवर, चेसिसवर, आणि थांबवण्याचे काम असलेल्या ब्रेकवर. ते भाग तितक्याच वजनासाठी बनलेले असतात आणि त्यांना जादा पाटा लावता येत नाही. गाडीची कायदेशीर क्षमता आरसी बुकावरच असते: एकूण भारित वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की किती माल भरता येतो ते कळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. ई-चलनांच्या यादीत असा दंड सापडला, तर पाटे काय सांगत होते त्याला लेखी पुरावाच मिळाला.

गाडीच्या मागे चार पावलांवर उभे राहून ती एका बाजूला कलली आहे का तेही बघावे. हौद्याच्या दोन्ही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली की अंदाजावर भिस्त राहत नाही. एका बाजूचे पाटे थकले असतील, मधला बोल्ट तुटला असेल किंवा चेसिसच पिळली असेल तर फरक येतो. फाळका सरळ लागतो का, त्याच्या बिजागऱ्या ओढल्या आहेत का, हे त्याच वेळी कळते.

टायरसाठी फार वेळ लागत नाही. टायरच्या बाजूवरच्या खुणांत शेवटचे चार आकडे बनवल्याची तारीख सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मागे रिमोल्ड टायर आहेत का ते विचारण्यापेक्षा पाहावे. पुढचे टायर एकाच कडेने खाल्लेले असतील तर किंगपिन, बॉल जॉइंट किंवा अलाइनमेंटचे काम निघणार, ते भावात धरावे.

मग इंजिन. किल्ली फिरवून आधी डॅशबोर्डवरचे दिवे पाहावेत. इंजिन, ऑइल, बॅटरी यांचे दिवे किल्ली दिल्यावर लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनचा दिवा मुळातच लागत नसेल तर आनंद मानू नये. दोष लपवण्यासाठी बल्ब काढलेला किंवा तार तोडलेली असू शकते. नंतर स्टार्टर मारावा आणि दुसऱ्या माणसाला सायलेन्सरमागे उभे करावे. चांगले इंजिन दोन-तीन सेकंदांत पकडते. जानेवारीत निफाडच्या थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला तर त्यात वावगे काही नाही. मिनिटभरात तो जातो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेट गेलेले असण्याची दाट शक्यता असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे: रिंग, व्हॉल्व्ह सील नाहीतर टर्बो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच काळ्या धुराचा लोट सुटत असेल तर इंजिनला डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. कारण साधा चोंदलेला एअर फिल्टर असू शकतो, फुटलेला टर्बोचा पाइप असू शकतो, किंवा खर्चाचे नोझल असू शकतात. नोझल नीट नसले की इंजिन एकसारखे चालत नाही. थांबल्या जागी सबंध केबिन लयीत थरथरते.

यापुढची परीक्षा बिनखर्ची आहे आणि गावोगावचे मिस्त्री ती सर्वांत आधी करतात. इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडाचे झाकण सैल करायचे आणि ते उलटे करून तोंडावर नुसते ठेवायचे. रिंग आणि लाइनर शाबूत असतील तर झाकण जागच्या जागी थोडे हलत राहते, वाफेचा हलका झोत येतो. इंजिन थकले असेल तर झाकण उडू लागते, घसरून पडते, आणि तोंडातून फसफस धूर येतो. यालाच मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात: सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटून ऑइलच्या भागात शिरतो आहे. मग ऑइलची पट्टी काढून तिच्या भोकातूनही तोच धूर येतो का ते पाहिले की शंका उरत नाही. अशा इंजिनात दाट ऑइल भरून तात्पुरते शांत करण्याचा प्रकार चालतो. म्हणून थंड असताना पट्टीवरचे ऑइल बोटांत चोळून पाहावे. डिझेल इंजिनचे ऑइल बदलल्यावर लगेच काळे पडते, त्यात दोष नाही. ते मधासारखे चिकट आणि अगदी स्वच्छ असेल तर नुकतेच का बदलले ते विचारावे. ते दुधी, कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे आणि सौदा तिथेच थांबवावा.

कॉमन रेल इंजिनात डिझेल १,००० बारहून कितीतरी अधिक दाबाने नोझलमध्ये जाते, आणि पंप व नोझल यांना वंगण मिळते ते त्या डिझेलचेच. रॉकेल किंवा भेसळीचे इंधन घालून चाललेल्या गाडीचे पंप-नोझल म्हणूनच लवकर झिजतात. डिझेल फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. तळाशी पाणी, गाळ किंवा धातूची चमचम दिसली तर पुढचा खर्च मोठा आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात फक्त बीएस-६ गाड्यांची नोंदणी होते. त्याआधीच्या तीन वर्षांतल्या गाड्या बीएस-४ आहेत. हा फरक पिकअप घेणाऱ्याने डोळसपणे तोलावा. बीएस-४ गाडीचे काम गावातल्या मिस्त्रीला बहुतांशी जमते. बीएस-६ मध्ये धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आणि तिचे सेन्सर असतात. मॉडेलप्रमाणे रचना बदलते. काहींत काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, काहींत युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. गल्लीबोळांतून थांबत-थांबत चाललेल्या गाडीचा फिल्टर पुरेसा तापत नाही आणि चोंदतो. काही जण तो आतून पोकळ करून घेतात. तसे करणे बेकायदा आहे आणि त्याचे परिणाम नव्या मालकाला भोगावे लागतात. त्यामुळे बीएस-६ गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये नेऊन संगणकातले दोष वाचून घ्यावेत. पुढे निघू शकणाऱ्या दुरुस्तीच्या मानाने हा खर्च नगण्य असतो.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी साधे गणित करावे. भाजीची गाडी रोज जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर चालते आणि वर्षात अडीचशे दिवस धावते असे धरले तर वर्षाला ६२,५०० किलोमीटर होतात, चार वर्षांत अडीच लाख. अशा गाडीच्या मीटरवर ८०,००० दिसत असतील तर एकतर गाडी बंद पडून होती, नाहीतर मीटर मागे फिरवले आहे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर, स्टेअरिंगच्या वरच्या अर्ध्या भागाची झीज, चालकाच्या सीटचा बसलेला कोपरा आणि सर्व्हिसच्या पावत्या यांच्याशी आकडा जुळला पाहिजे.

रिकामी पिकअप चालवून पाहण्यात अर्थ नाही. माल नसताना ती उडत-उडत पळते आणि सगळे दोष झाकले जातात. सिमेंटच्या दहा गोण्या म्हणजे अर्धा टन. वीस म्हणजे एक टन. ओळखीच्या दुकानातून गाडीच्या क्षमतेत बसतील इतक्या गोण्या तासाभरासाठी टाकून, शक्य असेल तर एखादा चढ असलेला रस्ता धरावा. चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच प्लेट गेली. गिअर दुसऱ्यात जाताना खरखरला, किंवा उतारावर पाय उचलताच गिअर आपोआप सुटला, तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. मागून येणारा सूंऽऽ आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक आणि सोडल्यावर वेगळा येत असेल तर क्राउन-पिनियन झिजले आहेत. गाडी सोडताना खालून ‘टण्ण’ असा एकच ठोका येतो तो बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा; तो स्वस्तात होतो.

उतारावर ब्रेक लावताना स्टेअरिंग हलके धरून गाडी कुठे ओढते ते पाहावे. फेरी संपवून उतरल्यावर हात चारही रिमजवळ न टेकवता न्यावा. एकच चाक तापलेले असेल तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे. मागचे एक अगदी थंड असेल तर तो धरतच नाही. माळशेज किंवा कसारा घाट उतरणाऱ्या गाडीसाठी ही तपासणी इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे. शेवटी इंजिन चालू ठेवून खाली ताजे ऑइल, पाणी किंवा डिझेल ठिबकते का ते पुन्हा एकदा पाहावे.

पुरात बुडालेल्या गाड्यांसाठी वेगळी नजर लागते. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला असंख्य वाहने पाण्यात होती, आणि धुऊन-पुसून अशा गाड्या दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पहिला हातभर भाग स्वच्छ आणि आतला मातकट असेल तर पाणी कुठवर आले होते ते कळते. फ्यूजच्या डब्याचे कोपरे, हेडलाइटच्या आतली गढूळ रेघ, सीटखालचे गंजलेले बोल्ट हेच सांगतात.

कागदपत्रांत पहिले काम म्हणजे आरसीवरचा चेसिस क्रमांक आणि गाडीवर ठोकलेला क्रमांक अक्षर-अक्षर जुळवणे. तो १७ अक्षरांचा असतो. ठोकलेल्या जागी घासल्याच्या खुणा, वाकडी अक्षरे किंवा नवा रंग दिसला तर व्यवहार सोडून द्यावा. इंजिन क्रमांकही जुळवावा. इंजिन बदलले असेल तर त्याची आरटीओत नोंद हवी. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचे पासिंग, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद दिसते. थकलेली ई-चलने वेगळी पाहावीत.

आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर ‘हप्ते संपलेत’ या शब्दावर पैसे देऊ नयेत. कर्ज फिटल्याचे संस्थेचे पत्र आणि नमुना ३५ हातात आल्यावरच ती नोंद आरटीओत उतरते. मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते. पासिंग संपलेली गाडी कायद्याच्या लेखी नोंदणीकृतच धरली जात नाही, आणि तशा गाडीचा अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येते. महाराष्ट्रात आठ वर्षे पूर्ण झालेल्या वाहतुकीच्या गाडीला पर्यावरण करही लागतो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिटची गरज नाही. त्यावरच्या गाडीला आहे, आणि वेगवेगळ्या पिकअप या रेषेच्या अलीकडे-पलीकडे असल्याने आरसीवरचा आकडा पाहूनच बोलावे.

परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, मूळ प्रतीत हवी. दिल्लीतून आलेल्या डिझेल गाड्यांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातल्यापासून अशी वाहने एनओसी घेऊन इतर राज्यांत विकली जाऊ लागली. आपल्या आरटीओत त्या गाडीची पुन्हा नोंदणी होईल का आणि कर किती पडेल, हे पैसे देण्याआधी त्या कार्यालयातच विचारावे.

सौदा ठरला की नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नाव बदलायला उशीर लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे आणि ती दोघांनाही महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, गाडी हातोहात कितीही पुढे गेलेली असो. म्हणून ताबा देताना दिनांक आणि वेळ लिहून, दोघांच्या सह्यांची डिलिव्हरी नोट करावी. विम्याचे तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, पण घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपले नाव लावून घ्यायचे असते; ते लागेपर्यंत त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई त्याला मागता येत नाही.